पितळी पाटी आणि उघडी कड

मित्रांनो, मी एक जुनी फळी आहे. पोहण्याच्या तलावावर उंच बसवलेली असते, जिच्या टोकावर नाचून माणसे पाण्यात सूर मारतात, ती. आता मी काठावर बाक होऊन पडले आहे आणि दिवसभर ओल्या पार्श्वभागांचा भार वाहते आहे. या अवस्थेतून मनुष्यजातीकडे पाहिले असता तिच्याविषयी आदर वाटणे कठीण आहे, हे मी प्रारंभीच नम्रपणे नमूद करते.

माझा जन्म पत्र्याच्या छपराखालील एका कारखान्यात झाला. माझ्या पोटात तागाचे कापड आहे; पोत्याच्याच कुळातले, परंतु धुऊन वाळवून घेतलेले. त्याच्या वर आणि खाली काचेच्या तंतूंचे कापड. थरावर थर ठेवून, चिकट राळ ओतून, रुळाने हवा काढून त्यांनी मला दाबाखाली घट्ट केले. ही सोयरीक पाहून येणारा-जाणारा प्रत्येक जण नाक मुरडी. 'चांगल्या काचेत पोतं कशाला घातलं?' असे विचारणाऱ्या त्या शहाण्यांची मला आजही कीव येते. काच बळकट खरी. ओढ ती सोसते, ताठपणाही तिचाच. परंतु तिचा स्वभाव मोठ्या घरच्या जावयासारखा. बिनसले की एकदम तुटायचे, आधी सांगणे नाही की सवरणे नाही. तागाला तेवढे बळ नाही, पण तो हलका, धक्का पोटात घालणारा, आणि तुटायचाच झाला तर कुरकुरत, धागा धागा सोडत तुटणारा. नुसत्या तागाची फळी लोंबली असती. नुसत्या काचेची जड आणि तुसडी झाली असती. दोघांच्या संगनमताने मी झाले. दोन माणसे एकत्र बसून एवढे साधतात काय? मी तरी पाहिलेले नाही.

माझ्या अंगाची एक पट्टी कापून यंत्रात ओढून तोडण्यात आली. दुसरीवर वजनदार हातोडा सोडण्यात आला. मग माझ्या टोकाला वाळूची पोती टांगली. मी वाकले, आणि पोती काढताच सरळ झाले. सर्वांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायला माणसांना अक्कल लागत नाही.

तागाला एकच व्यसन आहे, ते पाण्याचे. काच आणि राळ यांचे पांघरूण असते तोवर तो सज्जन असतो. मला तलावावर पोचवताना कारखानदाराने हे सांगितले होते, परंतु आत्मस्तुतीच्या महापुरात: 'अशी फळी माझ्याशिवाय कोण करतो ते दाखवा! कड मात्र उघडी ठेवायची नाही हं. भोक पाडलंत तर राळेनं बुजवा. आता माझं काम म्हणाल तर…' तलावाचे व्यवस्थापक मान डोलावत होते. मान डोलावणारा माणूस ऐकत असतोच असे नाही.

या गृहस्थांना स्वतःच्या नावाची पितळी पाटी लावायची होती. लावली. कोठे? माझ्या पाठीवर! चार भोके पाडून.

त्यांची थोरली बहीण तलावावर सूर मारायला शिकवीत असे. तिने विचारले, "अरे, भोकं बुजवलीस का?"

"स्क्रू आहेत ना ताई त्यात. बुजलीच की."

"राळ भरायला सांगितली होती त्यानं."

"तो काय, बोलतच असतो. प्लास्टिक आहे ते. पाण्यानं विरघळणार आहे का?"

विरघळले नाही. ताग आधी प्यायला, मग फुगला, आणि मग त्याने काचेचा हात सोडला. पाटीभोवती माझ्या अंगावर पांढुरके फोड आले. व्यवस्थापकांनी त्यावर औषध म्हणून निळा रंग फासला.

त्यांची मुलगी आत्याच्या हाताखाली तयार होत होती. संघाच्या निवडीची चाचणी जवळ आली होती. एका सकाळी हवेत कोलांटी घेताना तिची टाच माझ्या टोकाला खरचटली. ती पाण्यातून वर आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"बाबा, फळी मेल्यासारखी लागते. वर फेकतच नाही."

"फळीला नावं ठेवू नकोस. पाय उचल जरा."

टाचेच्या जागी डोके असते तर काय झाले असते, हा विचार करण्यास त्या थोर पुरुषास सवड नव्हती. त्यांना पाटी पुसायची होती.

चाचणीच्या दिवशी निवड करणारे पाहुणे खुर्च्या टाकून बसले. मुलगी वर चढली, टोकापर्यंत आली आणि परत उतरली.

"मी नाही मारणार."

"चारचौघांत माझी अब्रू घालवतेस?"

आत्या वर जाऊन मला बोटांच्या पेरांनी ठोकीत होती. मुळाशी टणक आवाज आला, पाटीजवळ भदभद. "ऐकलंस? आत कुजलीय ही. पोरीच्या जिवाशी खेळू नकोस."

"सरक तू. मी उडी मारून दाखवतो!"

बुटांसह ते वर आले. पहिल्या उडीला ताग कुरकुरला, सावकाश आणि स्पष्ट. याहून अधिक सभ्य सूचना कोणती असते? बहीण ओरडली, "उतर अरे, मेल्या!" त्यांनी दुसरी उडी मारली. चार भोकांच्या रेषेत वरची काच फाटली. परंतु कुजका का होईना, ताग एकदम सुटला नाही. धागा धागा सोडीत मी घसरगुंडीसारखी खाली झुकले, आणि व्यवस्थापक बसल्या बसल्या, बुटांसह, पाण्यात गेले. त्यांना वाचवायची माझी इच्छा होती, असे कोणी समजू नये. तो तागाचा स्वभाव आहे.

मुलीने काठावरून सूर मारून त्यांना बाहेर काढले. ती म्हणाली, "बाबा, मी असते तर?" त्यांनी मान वर करून माझ्या फाटक्या अंगाकडे पाहिले. प्रथमच.

नवी फळी आली. तिच्यावर पाटी नाही. जुनी पाटी त्या दुसऱ्या उडीत सुटली, ती तलावाच्या तळाशी आहे, आणि नवशिकी मुले ती वर आणण्याची शर्यत लावतात. चाचणी पुन्हा झाली, पण निकाल मला कळवण्याची तसदी कोणी घेतली नाही. बाकाला कोण सांगतो?

माझे फाटके टोक करवतीने कापून टाकले होते. एके दिवशी व्यवस्थापक राळेचा डबा आणि ब्रश घेऊन आले, आणि माझी उघडी कड बुजवू लागले. काम अत्यंत भिकार केले. राळेचे ओघळ वाळले आहेत आणि बसणाऱ्यांना टोचतात.

मुलगी पाहत उभी होती. "बाबा, थोडं राहिलं."

"कुठं?"

"खालच्या अंगाला."

आणि ते गृहस्थ ओल्या फरशीवर पालथे झोपून माझ्या खाली पाहू लागले.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. वस्तूला भोक पाडण्याची हौस तुम्हाला आवरणार नाही, हे मी जाणून आहे. निदान कड बुजवा. आणि ती कोणी उडी मारण्यापूर्वी बुजवा.