हात्सुएबाईंचे चोवीस अंश

हात्सुएबाई नाश्त्याला आल्या त्या लोकरीची टोपी, हातमोजे आणि गुडघ्याखाली पोचणारा जाड कोट घालून.

"आई, कुठे बाहेर निघालात वाटतं?" सूप वाढता वाढता सून सायोकोने विचारलं.

"छे गं. माझ्या खोलीतून इथवर आले, एवढंच."

तिचा नवरा तेरुओ वर्तमानपत्रामागे हसला. "आई, तू होक्काइदोची ना? तिकडं पापण्या गोठतात आणि तू क्योतोच्या थंडीला भितेस? लोक काय म्हणतील?"

"पापण्या बाहेर गोठतात रे, जेवायला बसल्यावर नाही. तू जानेवारीत घरात नुसत्या बनियनवर बसून आइस्क्रीम खायचास, ते विसरलास?"

"किती मजेत वाढलेत हे!" सायोको गोड आवाजात म्हणाली. "आम्हाला बाबांनी अगदीच साधं वाढवलं."

"अगं बाई! बिचारी पोरं तुम्ही," हात्सुएबाई मनापासून हळहळल्या.

सायोकोच्या हातातली पळी क्षणभर थांबली. क्योतोत टोमणा असाच मारतात, मधात बुडवून. पण समोरच्याला तो कळलाच नाही, तर मारणाऱ्यालाच तो गिळावा लागतो.

घर सायोकोच्या वडिलांचं, जुनं, लाकडी. तिथली थंडी दारा-खिडक्यांतून येत नाही, जमिनीतून वर चढते. बैठकीच्या खोलीत रॉकेलवर चालणारा, विजेच्या पंख्याचा हीटर होता. तो अठरा अंशांवर ठेवायचा आणि खोली सोडताना बंद करायचा, हा वडिलांचा नियम. अठराच्या वर अंग सैल पडतं आणि अंगामागून माणूस, असं ते म्हणत. ते वारले तरी नियम राहिला. शिवाय हे अठरा हीटरच्या आसपासचे. गवताच्या चटईवर बसणाऱ्याच्या कमरेपाशी ते फार तर बारा असत, आणि मागच्या अंधाऱ्या बोळात, न्हाणीघराच्या वाटेवर, बाहेर असेल तेवढेच.

हात्सुएबाई या घरात शरद ऋतूत आल्या. नवरा गेला, खाणीच्या गावातली त्यांची चाळ पाडायला काढली, म्हणून तेरुओ त्यांना घेऊन आला. पहिली थंडी पडली तसं त्यांनी हीटरचं बटण दाबत आकडा चोवीसवर नेला. सायोकोने चहा ठेवता ठेवता तो अठरावर आणला. तेव्हापासून रोज असंच. कुणी कुणाला काही म्हणत नव्हतं. फक्त आकडा वर-खाली होत होता.

त्या दिवशी सायोको बाजारात गेल्यावर तेरुओ आईशेजारी येऊन बसला.

"आई, जरा जमवून घे ना. घर तिचं आहे."

"माझं आहे असं कुठं म्हणतेय मी?"

"तिनं एका वृद्धाश्रमात चौकशी केलीय. तिथं म्हणे बोळातसुद्धा गरम असतं. तुझ्या सोयीसाठीच गं."

"म्हणजे एक तर अठरा, नाही तर आश्रम?"

तेरुओ चटईतली एक काडी उपसू लागला.

"तेरु, मला ऊब हवीय, पण घरात हवीय. तिला सांग, म्हातारी दोन्ही मागतेय."

पुढच्या रविवारी सायोकोच्या वडिलांचं वर्षश्राद्ध होतं. भटजी मंत्र म्हणून गेले. काळ्या कपड्यांतले नातेवाईक जेवणाचे डबे उघडून बसले. डब्यातला भात गार, मासे गार. कोपऱ्यात हीटर अठरावर घुरघुरत होता. त्याच्या सगळ्यात जवळ तोकुजिरोकाका बसले होते, वडिलांचे धाकटे भाऊ.

"दादा शेवटपर्यंत बर्फासारख्या पाण्यानं तोंड धुवायचा," काका म्हणाले. "एवढ्या थंडीत, पण अंगावर एक सुती झगा! सोसणं ही आपली संस्कृती आहे. नाही तर काही माणसं होक्काइदोतून येतात आणि घरात टोपी घालून बसतात."

सगळे माना डोलावत, तोंडावर हात धरून हसले. हात्सुएबाईंनी टोपी काढली नाही.

"व्याहीबुवा, मी खाणीवर कोळसा निवडायला होते," त्या म्हणाल्या. "समोरून पट्टा सरकत जायचा, त्यातले दगड वेचायचे. शेडला भिंती नावाला. बोट कापलं तरी ते घरी गेल्यावर कळायचं, ऊब लागली की. पण घरात शेगडी लाल असायची. आमचे हे उघडे बसायचे, पोरं घामेजायची. थंडी उंबऱ्याबाहेर, असं ठरलेलंच होतं आमचं. सोसायची ती पगारात सोसली. घरात फुकट कशाला सोसू?"

"वा! म्हणजे सोसायचेही पैसे?" काका हसले.

"मग? तुम्ही फुकट सोसता?" मग त्यांनी सरळ विचारलं, "तुमचे दादा गेले ते घरात कुठल्या जागी?"

हसू थांबलं.

"न्हाणीघराबाहेर," सायोको म्हणाली. "कपडे बदलतो तिथं."

"आंघोळ करून आले होते?"

"नाही. जायचे होते. कपडे काढून, घडी घालून ठेवले होते."

"वय झालं होतं दादाचं," काका घाईने म्हणाले.

"माझंही झालंय. म्हणून त्या खोलीत कपडे काढताना मी रोज भिंत धरते. छातीत कळ येते. थंडीनं गेले ते, व्याहीबुवा."

"आई!" तेरुओ ओरडला.

हात्सुएबाई उठल्या. त्यांनी हीटर बंद केला. खोलीभर रॉकेलचा वास पसरला. प्लग काढून त्यांनी वायर मनगटाला गुंडाळली आणि हीटर दोन्ही हातांनी उचलून पोटाशी धरला.

"हा मी नेते. मला आंघोळ करायचीय."

"आत्ता? अगं, पाहुणे बसलेत!"

"बसू देत की. थंडी सोसणारी माणसं आहेत."

त्या बोळाने निघून गेल्या. हीटर परत मागायचा तरी कसा? सोसण्याच्या गोष्टीवर आत्ताच सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. काका गार भाताचा घास तोंडात घोळवत राहिले. एका काकूंनी हळूच कोट ओढून मांडीवर घेतला. सायोको उठली.

न्हाणीघराबाहेरची खोली जेमतेम दोन माणसांची. हीटरवर चोवीसचा आकडा होता. हात्सुएबाई टोपी, कोट, स्वेटर काढून आतल्या बनियनवर स्टुलावर बसल्या होत्या. गाल लाल झाले होते.

"हीटर न्यायला आलीस? ने," त्या म्हणाल्या. "आश्रमाचे कागदही आण, सही करते. पण या घरात राहिले तर अशीच राहीन. ऊब चोरून घेणार नाही. आणि आधी ते दार लाव, सगळी गरम हवा बाहेर चाललीय."

सायोको दारातच उभी राहिली. कपड्यांची टोपली आणि न्हाणीघराचं दार यांच्यामधल्या जमिनीच्या फळ्यांकडे ती बघत होती. एवढ्याशा जागेत बाबा कसे मावले असतील, कोण जाणे.

तिने दार लावलं. आत येऊन.

"सायोको!" बैठकीतून काकांची हाक आली. "अगं, तो हीटर तेवढा..."

"आणतेच हं काका, आत्ता!" सायोको गोड आवाजात म्हणाली आणि काळ्या किमोनोची घडी न मोडता खाली बसली. मग तिने पांढरे मोजे एकेक करून काढले आणि दोन्ही उघडे तळवे त्या फळ्यांवर टेकवले.