समोरचं दार

मावशींचं घर आणि बूचचं दारूचं दुकान यांच्यामध्ये फक्त एक रस्ता होता. तोही असा अरुंद, की समोरासमोर दोन गाड्या आल्या तर एकीला मुकाट्यानं मागं जावं लागे. बूच हे काही त्याचं खरं नाव नव्हे. माणूस बुटका, गोल, मान जवळजवळ नाहीच. काउंटरवरच्या चौकोनी खिडकीत उभा राहिला, की बाटलीच्या तोंडात बूच बसावं तसा फिट्ट बसायचा. कुणा गिऱ्हाइकानं ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. मावशी मात्र त्याला 'शेजारी' म्हणायच्या, आणि तो त्यांना 'बाई'.

मावशींची सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली. कानाला हेडफोन लावून दिवसभर या माणसाची त्या माणसाशी गाठ घालून द्यायची. संध्याकाळी घरी येईपर्यंत आवाजांचा इतका कंटाळा यायचा, की नवऱ्याशीसुद्धा त्या खुणेनंच बोलायच्या. मग नोकरी संपली आणि पुढं नवराही गेला. मूलबाळ नव्हतं. एक भाची होती, ती लांब राहायची. फोनवर "मावशी, इकडंच ये ना राहायला" म्हणायची, मावशी "बघू" म्हणायच्या, आणि बघण्यासारखं काही नाही हे दोघींनाही ठाऊक असायचं.

अशा वेळी बूचचा मोठा आधार झाला. आधार म्हणजे काय, तर सकाळचं वर्तमानपत्र. दहाच्या आत बाटली विकायची नाही असा कायदा, पण तो त्याच्या कितीतरी आधी येऊन बसायचा. भावाच्या घरी राहत होता. भरलेल्या घरात सकाळी आपली अडचण नको म्हणून पहिल्याच बसनं निघायचा. शटर अर्धं वर करून स्टुलावर बसायचा आणि रस्त्यापलीकडं पायरी झाडणाऱ्या मावशींना मोठ्यानं वाचून दाखवायचा. आधी अपघात, मग पुढाऱ्यांची भांडणं, आणि शेवटी दोघांची रास.

"बाई, आज तुमच्या राशीला प्रवासाचा योग आहे!"

"हो का? गच्चीवर कपडे वाळत घालायला जाणार आहे. तोच असेल."

"आमच्या राशीला म्हणतात, मद्यापासून दूर राहा." तो दुकानाकडं वळून बघायचा. "आता काय करता?"

एवढंच. तो कधी रस्ता ओलांडून इकडं आला नाही, की मावशी कधी तिकडं गेल्या नाहीत. दारूच्या दुकानात बाईमाणसानं जायचं कशाला? आणि घरात एकट्या बाईकडं दारूवाल्यानं यायचं कशाला? रस्ता मध्ये होता म्हणूनच बोलता येत होतं.

पुढं झालं असं, की शेजारच्या इमारतीतल्या एका नर्सनं अडीनडीला आपली मुलगी मावशींकडं ठेवली. मग तिच्या मैत्रिणीनं मुलगा ठेवला. बघता बघता पुढची खोली पोरांनी भरून गेली. कुणाचं नाक पुसायचं, कुणाची चड्डी बदलायची, कुणी झोपतच नाही म्हणून पाठीवर थोपटत बसायचं. मावशी दमायच्या, पण घरात आवाज आला होता आणि आता त्यांना आवाजाचा कंटाळा राहिला नव्हता.

"नोंदणी करून घ्या मावशी," नर्स म्हणाली. "आमच्याकडं विचारतात, मूल कुठं ठेवता म्हणून. रीतसर पाळणाघर असलं की प्रश्नच मिटला."

मावशींनी नोंदणी केली. नगरपालिकेची एक बाई येऊन विजेची बटणं, संडास, जिन्याचं फाटक सगळं बघून गेली आणि शेरा चांगला देऊन गेली. दारावर पाटी लागली. मावशींनी त्या दिवशी एका पोराच्या आईच्या हाती समोरच्या दुकानात बिस्किटांचा पुडा पाठवला. बूचनं तिकडून दोन्ही हात डोक्यावर नेऊन मोठा नमस्कार ठोकला.

काही दिवसांनी एक माणूस लांब दांड्याचं चाक घेऊन आला. ते चाक त्यानं मावशींच्या उंबऱ्यापासून दुकानाच्या काउंटरपर्यंत फिरवत नेलं. रस्त्याचं काम निघालं असेल असं मावशींना वाटलं. ऊन होतं, म्हणून त्यांनी त्याला बोलावून पाणीही दिलं.

दुसऱ्या दिवशी बूचनं वर्तमानपत्र वाचलं नाही. म्हणजे वाचलं, पण मनातल्या मनात.

"शेजारी, काय म्हणतेय आमची रास?" मावशींनी हाक मारली.

त्यानं पान उलटलं. वर बघितलंसुद्धा नाही.

मावशींच्या मनात पाल चुकचुकली. पण पोरं यायची वेळ झाली आणि दिवस त्यातच गेला. संध्याकाळी नर्स मुलीला न्यायला आली ती हसतच.

"काय मावशी, कमाल केलीत! इतकी वर्षं लोक अर्ज करून थकले. तुम्ही एका पाटीत दुकान उठवलंत की हो!"

"कुणाचं दुकान?"

"समोरचं. पाळणाघरापासून शंभर मीटरच्या आत दारू विकता येत नाही ना! महिन्याभरात हलवा नाहीतर बंद करा, अशी नोटीस आलीय त्याला." तिनं मुलीच्या पायात चप्पल घातली. "बरं झालं. पोरांच्या डोळ्यांसमोर कशाला ते?"

मावशींना कुणी तोंडात मारल्यासारखं झालं.  नर्स गेल्यावर त्या तशाच दारात उभ्या राहिल्या. समोर बूच गिऱ्हाइकांना बाटल्या देत होता, कागदात गुंडाळून, खाली मान घालून. एक गिऱ्हाईक मुद्दाम मोठ्यानं म्हणालं, "समोरच्या म्हातारीनं वाट लावली म्हणे तुझी!"

मावशींनी पदर खोचला आणि रस्ता ओलांडला. आयुष्यात पहिल्यांदा. रांगेतली माणसं बाजूला झाली. एकानं तर घाईघाईनं बाटली शर्टाच्या आत लपवली, जणू त्याची आईच आली होती.

"शेजारी, मी तक्रार केलेली नाही."

"ठीक आहे."

"ठीक आहे काय? माझ्याकडं बघून बोला. मला कायदा ठाऊक नव्हता. त्या चाकवाल्याला मी पाणी दिलं, मला वाटलं रस्ता करताहेत."

बूचनं वर बघितलं. जवळून त्याचे डोळे फार थकलेले दिसत होते. "मी कुठं म्हटलं, तुम्ही केलंत म्हणून? लोक म्हणतात."

"मग सकाळी वाचलं का नाही?"

 तो काउंटरवरचा चिकट डाग फडक्यानं पुसत राहिला. मग म्हणाला, "हलवीन म्हटलं दुकान. पण जागा बघा ना. शाळेपासून शंभर मीटर, दवाखान्यापासून शंभर मीटर, प्रार्थनेच्या जागेपासून शंभर मीटर. सगळ्यांपासून लांब जायचं म्हणजे नदीत टेबल टाकून बसावं लागेल. आणि या वयात दुसरं काय करू? भावाच्या घरी दिवसभर बसू?"

रांगेतल्या माणसांनी उगाचच दुसरीकडं बघितलं.

त्या रात्री मावशींना पाळणाघर बंद करावंसं वाटलं, पण सकाळी नर्सची मुलगी येऊन मांडीत बसली आणि तो विचार तिथंच राहिला. मग त्या नगरपालिकेत गेल्या. चाकवाला एका कोपऱ्यात बसला होता. त्यानं त्यांना ओळखलं.

"हे अंतर मोजता कसं हो तुम्ही?"

"दारापासून दारापर्यंत, मावशी. माणूस चालत जातो त्या वाटेनं. भिंतीवरून उडी मारून नाही."

"माझं दार मागच्या गल्लीत असलं तर?"

तो पेन ठेवून त्यांच्याकडं बघत राहिला. "मागं दार आहे?"

"आहे. मोरीकडून. तिकडून दुकानात यायचं म्हणजे कोपऱ्यावरच्या छापखान्याला वळसा घालून यावं लागतं."

तो पुन्हा चाक घेऊन आला आणि छापखान्याला वळसा घातला. अंतर शंभराच्या वर भरलं. मावशींचा जीव भांड्यात पडला. पण त्याचं अजून संपलं नव्हतं.

"मग पुढचं दार बंद करावं लागेल. कुलूप चालणार नाही. आज लावाल, उद्या काढाल. वीट घाला. आणि ही खिडकीसुद्धा. मुलांच्या खोलीतून दुकान दिसता कामा नये, असं नियमात आहे."

मावशींनी मान हलवली.

बूचला हे कळलं तेव्हा तो पहिल्यांदाच रस्त्याच्या मध्यापर्यंत आला. "बाई, असलं काही करू नका. घरातला उजेड जाईल."

"मागून येतो थोडा."

"माझ्यासाठी कशाला?"

"तुमच्यासाठी कोण करतंय? मागच्या गल्लीत गाड्या नाहीत. पोरांना तेच बरं." हे निम्मं खरं होतं. मागून भोंगा वाजला, तसा तो बाजूला झाला आणि बोलणं तिथंच तुटलं.

गवंडी आला. आधी खिडकी बुजवली. मग दाराची चौकट उचकटली, मसाला कालवला, आणि विटेवर वीट चढू लागली. मावशी आतल्या बाजूला उभ्या होत्या. आधी त्यांची पायरी दिसेनाशी झाली. मग रस्ता गेला, मग काउंटर. बूच काउंटरमागं हात टेकून उभा होता. त्याचं पोट गेलं, मग खांदे. आता इकडंच बघतोय असं वाटत असतानाच गवंड्यानं पुढची वीट ठेवली आणि थापीनं तिच्यावर दोनदा ठोकलं. थोडा वेळ दुकानाची पाटी दिसत होती. शेवटी तीही गेली.

"गिलावा उद्या करतो," गवंडी म्हणाला. "आज वाळू दे."

त्यानंतर दिवस तसे बरे गेले. पोरं मागच्या दारानं येत आणि जात. अंधार पडतो म्हणून मावशी दिवसाही दिवा लावत. गल्लीत दुसऱ्या घरांच्या पाठी होत्या, सांडपाण्याचे पाइप होते, आणि कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. सकाळी झाडायला पायरीच नव्हती. तरी सवयीनं केरसुणी हातात घेऊन त्या पुढच्या खोलीत जायच्या. भिंतीपलीकडं शटर वर जाताना ऐकू यायचं. कधी बूचचा आवाजही यायचा, पण विटेतून गाळून येता येता त्यातले शब्द हरवून जायचे. एवढी वर्षं फोनवरचा कुठलाही खरखरणारा आवाज त्यांनी ओळखला होता. हा मात्र त्यांना उकलेना. तो वाचतोय की कुणाशी बोलतोय, एवढंही कळत नसे.

आपण वळसा घालून जावं असं त्यांना एक-दोनदा वाटलं. गेल्याही एकदा, कोपऱ्यापर्यंत. रांग होती. काम नसताना तिथं जाऊन काय म्हणायचं? रास विचारायला आले, असं? त्या परत फिरल्या.

मग मतदानाचा दिवस आला. त्या दिवशी कायद्यानं दारू बंद, आणि आयांना सुट्टी म्हणून पोरंही नाहीत. दुपारी मागचं दार वाजलं. बूच उभा होता. इस्त्रीचा शर्ट, ओले करून मागं वळवलेले केस. पावसात सापडलेल्या माणसासारखा अवघडून उभा.

"म्हटलं, मतदान केलंत का विचारावं."

"केलं. या ना."

घरात मोठी खुर्ची एकच होती, बाकी सगळ्या पोरांच्या. मोठी त्याला दिली तर तो बसेना, म्हणून दोघंही पोरांच्या खुर्च्यांवर बसले, गुडघे वर करून. मावशींनी चहा केला. तो कपात बघत राहिला. मावशींनी भावाचं विचारलं. बरा आहे म्हणाला. त्यानं विचारलं, पोरं फार त्रास देतात का. नाही म्हणाल्या.  रस्त्याच्या या कडेवरून त्या कडेला ओरडून बोलताना कधी शब्द कमी पडले नव्हते, आणि आता हाताच्या अंतरावर एकेक शब्द शोधून आणावा लागत होता.

"आज पेपर आणला नाहीत?"

"आणायला हवा होता. घरातून निघालो आणि तसाच आलो." कप खाली ठेवून तो म्हणाला, "बाई, समोरून बरं होतं."

"हो," मावशी म्हणाल्या. "समोरून बरं होतं."

हे बोलून झाल्यावर मात्र त्याचे खांदे जरा सैल झाले. मावशींनी उठून मोठी खुर्ची त्याच्याजवळ ओढली. या वेळी तो बसला. पाठ टेकली. मावशी पोरांची धुतलेली दुपटी घेऊन घड्या घालत बसल्या. दोन-तीन घड्या होईतो त्याची हनुवटी छातीवर आली होती. तो झोपला होता. तोंड थोडं उघडं, एक हात खुर्चीबाहेर लोंबकळलेला.

मावशींनी रिकामा कप आवाज न करता उचलला. दिवा त्याच्या डोळ्यांवर येत होता, तो बंद केला. खोलीत अंधारून आलं. नवरा गेल्यापासून या घरात मोठ्या माणसाच्या श्वासाचा आवाज आला नव्हता. अधूनमधून बारीक शीळ वाजल्यासारखा तो आवाज यायचा, थांबायचा, पुन्हा यायचा. घड्या संपल्या होत्या. त्यांनी वरचं एक दुपटं उलगडलं आणि पुन्हा, सावकाश, घडी घालायला घेतली.