बायकोचं ‘नाही’

मिस्त्रीच्या गोळ्या बंद झाल्या त्या मेव्हण्यामुळे. मेव्हणा स्वतः सिगारेटवर सिगारेट ओढणारा, पण जेवता जेवता म्हणाला, “गोळीशिवाय झोप नाही म्हणजे व्यसनच की, दाजी.” मिस्त्रीला ते झोंबलं. पाठीच्या दुखण्यात झोप लागावी म्हणून थोड्या दिवसांसाठी डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू होत्या. कुणी बंद करा म्हणालं नव्हतं आणि त्यानंही कधी विचारलं नव्हतं. जेवणं आटोपल्यावर त्यानं सगळ्या गोळ्या संडासात टाकल्या आणि वरून पाणी सोडलं. एक घाव दोन तुकडे. मेव्हण्यानं शाबासकी दिली आणि आपल्या घरी जाऊन ढाराढूर झोपला.

पुढचे दिवस मिस्त्रीनं कसे काढले ते त्याचं त्यालाच ठाऊक. अंगाला थरथर, घाम, डोळ्याला डोळा नाही. शेवटी बायकोनं त्याला दुसऱ्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं, तर त्या आधी चांगल्याच उखडल्या. “ह्या गोळ्या एकदम बंद करतात का कधी? हळूहळू कमी करायच्या असतात. फिट आली असती म्हणजे?” मग आवाज खाली आणून म्हणाल्या, धोक्याचा काळ गेलाय, आता पुन्हा सुरू करण्यात अर्थ नाही. पण नसा ताळ्यावर यायला महिने लागतील, आणि किती महिने ते छातीठोकपणे कुणीच सांगणार नाही.

थरथर गेली, घाम गेला. जमीन मात्र हलायची थांबेना.

आता जमीन हलणं म्हणजे काय, हे ज्याच्या पायाखालची हलते त्यालाच कळतं. चक्कर नव्हे, डोळ्यांपुढे अंधारी नव्हे. नुसतं उभं राहावं आणि पायाखालची फरशी सावकाश एका बाजूला जावी, परत यावी. आणि हे कुणाला, तर जन्मभर लोकांच्या घरात फरश्या बसवलेल्या माणसाला. पहिल्यांदा झालं तेव्हा तो पिशवीतली फरशी सपाट आहे का ते दाखवणारी लेव्हल काढून स्वयंपाकघरात उकिडवा बसला. नळीतला बुडबुडा बरोबर मधे होता, जराही ढळत नव्हता, आणि फरशी डोलतच होती. त्या बुडबुड्याकडे बघताना त्याची पाचावर धारण बसली. फरशी वाकडी असती तर त्यानं उखडून नवी बसवली असती. हा बिघाड कुठून उखडायचा?

तेव्हापासून तो बायकोला विचारू लागला. “हललं?” ती इस्त्री करता करता म्हणायची, “नाही.” दिवसातून शंभरदा. भिंतीपलीकडच्या शेजारणीनं एकदा तिला बाजूला घेऊन विचारलंही की, यांचा दात एवढा हलतोय तर काढून का टाकत नाहीत. पण त्या एका शब्दावर मिस्त्री दिवस ढकलत होता. डोकं त्याला दगा देत होतं, पाय दगा देत होते, बायको देत नव्हती. ती नाही म्हणाली की छातीतली धडधड हळूहळू खाली यायची.

मग जुन्या ठेकेदाराचा निरोप आला. हायवेपलीकडे एका हॉलची फरशी आहे, सकाळी ये, नाहीतर मी दुसरा माणूस बघतो. एकट्यानं जायची मिस्त्रीची छाती होईना, म्हणून बायको बरोबर निघाली.

हायवेवर पादचारी पूल होता, लोखंडी, लांबलचक. खालून ट्रक गेला की पुलाचे पत्रे पायाला जाणवतील असे थरथरायचे. ते दोघं मधोमध आले आणि एका वेळी दोन मोठे ट्रक खालून गेले. मिस्त्रीनं कठडा धरला.

“हललं?”

“नाही,” बायको म्हणाली.

तेवढ्यात समोरून भाजीची पिशवी घेऊन येणारी एक बाई थबकली. “अगं बाई, केवढा हलतोय हा पूल,” असं स्वतःशीच म्हणून ती पुढे निघून गेली.

मिस्त्रीनं बायकोकडे पाहिलं. तिनं मान फिरवली.

“तुला कळलं नाही?”

“कळलं.”

“मग नाही का म्हणालीस?”

“तुम्ही घाबरू नये म्हणून.”

“आणि घरात?”

तिनं पदरानं तोंड पुसलं. “घरात काय हलणार आहे? तुम्ही विचारता, मी नाही म्हणते. बघायचं काय त्यात?”

मिस्त्री तिथेच मटकन खाली बसला. इतके महिने ज्या फरशीवर तो त्या शब्दाच्या जोरावर उभा राहिला होता, ती सगळी एकदम पुन्हा हलायला लागली. स्वयंपाकघर, मोरी, डॉक्टरीणबाईंचा दवाखाना, सगळं. ती बघतच नव्हती. म्हणजे तो एकटाच होता, पहिल्यापासून. त्याला रडू फुटलं. लोक वळसा घालून जात होते. तसं रडताना पाहिलं असतं तर मेव्हण्यानं जन्मभर चिडवलं असतं, पण मिस्त्रीला आता कशाचीच लाज उरली नव्हती.

बायको त्याच्याशेजारी पत्र्यावर टेकली. “मलाही भीती वाटते हो,” ती म्हणाली. “तुम्ही विचारलंत की मी इस्त्रीवरची नजर उचलत नाही. बघितलं आणि मलाही हलल्यासारखं वाटलं, तर घरात कुणी कुणाला धरायचं? म्हणून बघत नव्हते.”

मिस्त्रीनं बाहीनं डोळे पुसले. खालून गाड्या जात राहिल्या. बऱ्याच वेळानं तिनं त्याला दंडाला धरून उठवलं आणि दोघं कठड्याकठड्यानं पलीकडे गेले, जिना उतरले, फुटपाथवर आले. तिथे मिस्त्री थांबला. फुटपाथ सावकाश डावीकडे जात होता.

विचारावं की नाही, हेच त्याला कळेना. अखेर त्यानं विचारलं.

बायकोनं चपला काढून बाजूला ठेवल्या, अनवाणी पाय फुटपाथवर नीट टेकवले आणि डोळे मिटले. तिचे ओठ कापत होते. माणसं दोघांकडे बघत पुढे जात होती. मिस्त्री तिच्या तोंडाकडे बघत उभा राहिला. एवढा तो पुलावरही घाबरला नव्हता.

ती खूप वेळ तशीच उभी होती. मग तिनं डोळे उघडले.

“नाही,” ती म्हणाली.