शेवटचा फर्मा

बाइंडरच्या हाताखालून दिवसभर पुस्तकं जात, पण वाचायला उसंत मिळे ती फक्त जाता-येता गाडीत. आणि नेमका तेवढाच वेळ वखारवाल्या शेठला बघवत नसे.

कोणी पुस्तक उघडलं की शेठ ते ओढून घ्यायचा, शेवटचं पान काढायचा आणि साऱ्या डब्याला ऐकवायचा, "खून बायकोनं केलाय! मिटा आता, डोळे वाचले तुमचे." डबा खो खो हसायचा. बाइंडर कसनुसं हसून खिडकीबाहेर बघायचा. अशा तीन रहस्यकथा वाया गेल्यावर मात्र त्यानं मनात गाठ बांधली.

कारखान्यात नव्या रहस्यकथेचं काम आलं. मालकानं दिलेली प्रत त्यानं स्वतः बांधली, पण शेवटचा फर्मा, म्हणजे घड्या घातलेला सोळा पानांचा छापील कागद, तेवढा बाहेर ठेवून. शिवण अशी बेमालूम की शंका यायलाही जागा नाही.

दुसऱ्या दिवशी शेठनं पुस्तक ओढलंच आणि शेवटच्या पानाच्या वरच्या दोन ओळी बघूनच ओरडला, "भाच्याच्या हातात बेड्या पडल्या! मामाला भाच्यानंच संपवलं!"

"मग मी कशाला वाचू?" बाइंडर पडेल आवाजात म्हणाला. "तुम्हीच न्या, शेठ."

फुकट मिळालं म्हणून शेठनं आधी नुसतं चाळलं. मग वाचायला लागला. मग त्याची बडबडच बंद झाली. बाइंडर समोर बसून त्याच्या कपाळावरच्या आठ्या चवीनं बघत राहिला.

शेवटी चौथ्या दिवशी शेठ उसळला. "बेड्या घातल्यावर भाचा म्हणतो, खुनी तुमच्या मागे उभा आहे. आणि पुस्तक संपलं? पुढची पानं कुठायत?"

"खुनी भाचाच ना? तुम्हीच तर सांगितलंत."

डबा आता शेठला हसला. ते हसू बाइंडरला घरी पोचेपर्यंत पुरलं.

"अहो, द्या आता ती पानं," सगळं ऐकून बायको म्हणाली.

"तडफडू दे अजून."

"त्यानं तुमचा शेवट पळवला, तुम्ही त्याचा. फरक काय राहिला?"

"माझी शिवण सरळ आहे."

ती हसली नाही. "वाचणारा माणूस भर गर्दीतही आपल्या घरात बसलेला असतो. शेठ तुमच्या घरात घुसला म्हणून तुम्ही चिडलात. आता तो दाराशी उभा आहे आणि कडी तुम्ही लावलीय."

बाइंडर रात्रभर धुमसला. सकाळी फर्मा पिशवीत टाकला, तरी द्यायचं ठरेना.

गाडीत एक नर्स पुस्तक वाचत होती. शेठच्या सोबत्यानं ते घ्यायला हात पुढे केला. शेठनं तो हात धरला. "राहू दे. वाचतायत त्या." मग बाइंडरकडे न बघताच पुटपुटला, "शेवट हुकला की झोप उडते रे. तीन वेळा असं केलं मी तुझं."

बाइंडरनं फर्मा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. शेठनं घाईनं तो उलटला. मागचं पान कोरं! आतल्या पानांच्या कडा घडीत बंद.

"कडा कापायच्या बाकी ठेवल्यात मी," बाइंडर म्हणाला. "एकेक घडी फाडत वाचायचं, शेठ. शेवट आधी बघता येणार नाही."

एवढा सूड मात्र त्यानं राखून ठेवला होता.

वाचकहो, प्रवासात शेजारचा वाचत असेल तर तो आपल्या घरात आहे असं समजा, आणि बोलावल्याशिवाय आत जाऊ नका.