कशाला हवंय?

मित्रांनो, मी चिनी मातीची जुनी बरणी आहे आणि माझा मोबाइलवर काडीचाही विश्वास नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कुणी मला भोळी म्हणायला नको.

भट्टीतून भाजून निघाले तेव्हाच माझी मान तपकिरी झाली आणि पोट पांढरं राहिलं. पेंढ्यात गुंडाळून मला गलबतातून रेवदंड्याला उतरवलं, आणि तिथून मी चौलला पद्माकाकूंच्या सासूबाईंच्या घरी आले. माझ्या तीन बहिणीही बरोबर होत्या. दर उन्हाळ्यात आमच्या पोटात वाडीतल्या कोकमाच्या फोडी आणि मीठ यांचे थर बसतात. कामाला येणारी मैना कोरड्या हाताने त्या रोज खालीवर करते. मग जो लालभडक, खारट-आंबट रस सुटतो, त्याला आगळ म्हणतात. ते चमचाभर नारळाच्या दुधात घातलं की झाली सोलकढी. नुसतं प्यायलात, तर डोळे पांढरे होतील!

घरात गोड सरबतही होतं, ते शेजारच्या काचेच्या बाटल्यांत. गंमत अशी, की या घरात दोन्हींना 'कोकम'च म्हणतात. पण घोटाळा कधी झाला नाही, कारण काकू प्रत्येक गिऱ्हाइकाला आधी विचारत, "कशाला हवंय?" पाहुण्यांसाठी म्हटलं की सरबत, जेवणासाठी म्हटलं की आगळ. आतल्या गावातले भागोजी दर महिन्याला स्वतःची बाटली घेऊन यायचे. त्यांनाही हा प्रश्न चुकला नाही.

"वहिनी, वीस वर्सं सोलकढीच करतोय. आता काय त्यानं आंघोळ करनार हाय?" असं म्हणून ते हसायचे. काकू पुढच्या महिन्यात पुन्हा विचारायच्या. नवरा गेल्यावर त्यांनी याच धंद्यावर घर चालवलं आणि पंचक्रोशीत नाव कमावलं.

मग पुण्याहून त्यांची भाची आश्लेषा आली. ती जाहिरातींच्या कचेरीत काम करते. तिने तिचा मोबाइल तीन पायांच्या काठीवर चढवून माझ्यासमोर ठेवला. एकाच डोळ्याने तो माझ्याकडे टक लावून बघत बसला. मला तो तेव्हाच आवडला नाही. ज्याला चव कळत नाही, त्याच्यावर भरवसा ठेवायचा तरी कसा?

"आत्या, सध्या 'एका घोटात'चा ट्रेंड आहे," आश्लेषा म्हणाली. "लाल काहीतरी ग्लासात ओतायचं, गटागट प्यायचं आणि ग्लास उलटा करायचा. आपण तशीच रील टाकू."

"अगं, पण लोकांना कळेल का ते काय आहे?"

"लिहिते ना खाली."

तिने लिहिलं, 'चौलचं कोकम'. बस्स! आधी माझ्यातून पळीने आगळ काढताना दाखवलं. मग ती स्वतः ग्लासभर प्यायली, पण ते होतं सरबत. आणि मागे विकायला मांडलेल्या सगळ्या बाटल्या आगळाच्या. घरातल्या कुणाच्याही ते ध्यानात आलं नाही, कारण त्यांच्या लेखी दोन्ही कोकमच. मला दिसत होतं. पण मित्रांनो, माझं तोंड एवढं मोठं असून बोलायची सोय नाही.

रील पाहून लांबलांबून मागण्या आल्या आणि चार दिवसांत आम्ही चौघी रिकाम्या झालो. भागोजी आले तेव्हा त्यांच्या बाटलीपुरतंही आगळ उरलं नव्हतं.

"असू द्या, वहिनी. तुमची गिऱ्हाइकं आता लांबची हायत," एवढं बोलून ते वळले. पुढच्या महिन्यात ते आलेच नाहीत.

आणि मग रीलखाली शिव्या सुरू झाल्या. 'मिठाचं पाणी विकतात.' 'पोराला ओकारी झाली.' 'फसवी बाई!' काकूंनी चष्मा लावून एकेक ओळ वाचली.

"मी जन्मात कुणाला खोटं दिलं नाही गं," त्या रडत म्हणाल्या. "पुरे झालं. यंदापासून कोकम बंद."

मैनाने आम्हाला धुऊन विहिरीजवळ पालथं घातलं. मी फार घाबरले. पालथ्या बरणीत लोक पुढे काय भरतात, खिळे की राख, कुणी सांगावं? आणि तो मोबाइल मात्र घरात टिंगटिंग करतच होता, मेला!

शेवटी मैनाच बोलली. "वहिनी, तुमी त्यांना इचारलंच न्हाय."

"काय?"

"कशाला हवंय त्ये."

आश्लेषाचा चेहरा उतरला. "आत्या, मी सरबत प्यायले आणि आगळ विकलं. चूक माझी आहे."

काकूंनी डोळे पुसले आणि शिव्या देणाऱ्यांना एकेक करून फोन लावला. पहिली होती नागपूरची रुचिका. "अहो बाई, तुम्हाला ते कशाला हवं होतं?" असं विचारून काकूंनी तिला सोलकढी शिकवली आणि सरबताची बाटली धाडली. मग नवी रील झाली. त्यात ना गाणं, ना नाच. पदर खोचून काकू म्हणाल्या, "हे आगळ आहे, हे नुसतं प्यायचं नाही!" ती फार थोड्यांनी पाहिली. पण आता मागणी नोंदवण्याआधी मोबाइलही विचारतो, 'कशाला हवंय?' आणि काकूंनी बजावलं, की एक बरणी दारातल्या गिऱ्हाइकांची.

ती बरणी मी.

मे महिन्यात माझं पोट पुन्हा भरलं. काकूंनी निरोप धाडला, तेव्हा भागोजी आले. शरमेने काकू न विचारताच त्यांची बाटली भरू लागल्या. भागोजींनी बाटलीच्या तोंडावर हात ठेवला.

"वहिनी, इचारा की."

काकूंनी पळी खाली ठेवली. "कशाला हवंय?"

"सोलकढीला," ते म्हणाले. या वेळी ते हसले नाहीत.

मित्रांनो, मोबाइल अजून माझ्यासमोरच असतो आणि माझी त्याच्यावर नजर आहे. तुम्हीही ठेवा. मला ओल्या हाताने उघडू नका, आणि कुणाला काही देण्याआधी, दारात असो की मोबाइलवर, काकूंसारखं एकदा विचारत जा.