साखर गेली!

"गेली! साखर गेली!"

गोदामात एकच गलका उठला. पुढच्या रांगेतला धिप्पाड बस कंडक्टर जीभ बाहेर काढून उभा होता. जिभेवर साखरेचे दाणे आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी. "वाळू! अहो, नुसती वाळू लागतेय!" मागचे लोक टाचा उंचावून त्याची जीभ बघत होते.

खोक्यांच्या चौथऱ्यावर कडूबाबा बसले होते, मांडीवर हिरव्या पानांची टोपली घेऊन. पान असं जहर कडू, की चावणाऱ्याचा चेहरा पिळलेल्या फडक्यासारखा व्हायचा. ते नीट चघळायचं, थुंकायचं, मग बाबा जिभेवर चिमूटभर साखर ठेवायचे.

"बाळांनो, अंगात साखर आहे तोवरच जीभ साखरेला ओळखते. अंगातली गेली, की जिभेवरची माती होते! आणि रोज सुया कसल्या टोचून घेता? शरीर म्हणजे काय फाटकी गोधडी आहे?"

हशा पिकला. सगळ्यात मोठ्याने हसली माझी थोरली बहीण, अक्का. ती शिवणकाम करणारी, त्यामुळे सुईचा विनोद तिला जास्तच आवडला. आणि वर्षानुवर्षं तिला 'साखर' होती.

मग बाबा गायला लागले. देवाची गोष्ट कुणी गाऊन सांगितली की मी विरघळतो; माझीही मान डोलली. पण ऐन रंगात गाणं तोडून ते म्हणाले, "घरातली इंजेक्शनं फोडून टाका, तरच पान लागू पडेल." माझी मान तिथेच थांबली. देवाचं नाव घेऊन औषध फोडायला सांगणारं गाणं मी जन्मात ऐकलं नव्हतं.

अक्काने घरी येताच इन्शुलिनच्या बाटल्या मोरीत फोडल्या आणि बाबांनी दिलेलं पान रोज चघळून वर साखर चाखायला लागली.

मग ती सुकत गेली. तांब्यामागून तांबे पाणी प्यायची. "साखर वाहून चाललीय रे," म्हणायची. सुईत दोरा ओवता येईना. पायाचा अंगठा शिलाई मशीनच्या पायडलवर घासून जखम झाली होती, ती काळी पडत चालली. शिवणाच्या खोलीत शिरलं की आंबलेल्या फळासारखा वास यायचा. तो तिच्या श्वासाचा होता.

तिची सून शाळेत विज्ञान शिकवायची. ती हात जोडून म्हणाली, "आई, दवाखान्यात चला ना."

"कशाला? साखर मला माती लागते. माझ्या जिभेपेक्षा तुझ्या डॉक्टरला जास्त कळतं होय गं?"

"बरं. आधी बाबांकडे जाऊ. मग तरी याल?"

"बाबांनी जा म्हटलं तर."

आम्ही अक्काला धरूनच गोदामात नेलं. सून थेट पुढे गेली. पान चघळलं, थुंकलं. बाबांनी साखर ठेवली.

"काय लागतंय, मुली?"

"माती."

"गेली! साखर गेली!" बाबा गरजले. गर्दीही गरजली.

"मला साखर नव्हतीच, बाबा."

बाबांनी घसा खाकरला. "असते, अंगात लपून असते."

"मग या मामांच्याही अंगात लपलीय का? मामा, या पुढे." मी चघळलं. मलाही वाळू. कुणीतरी ओरडलं, "सगळ्या गावालाच साखर आहे की काय हो!"

सून गर्दीकडे वळली. "या पानाला गुडमार म्हणतात. गुळाला मारणारं. जुन्या वैद्यांनी नावातच सांगून ठेवलंय. ते मधुमेहावर पोटातही देतात, पण ते वेगळं. इथे फक्त जीभ बधिर होते. गोडी टिपणारी जागा हे पान तासाभरासाठी अडवून धरतं, निरोगी माणसाचीही. आपण आजारालाही साखर म्हणतो नं, तिथेच यांनी आपल्याला पकडलं. जिभेवरची साखर गेली. रक्तातली तिथेच आहे."

सकाळीच पान खाल्लेला कंडक्टर कोपऱ्यातून पुढे आला. त्याने चिमूट उचलून तोंडात टाकली आणि पांढराफटक पडला.

"गोड लागतेय," तो पुटपुटला.

अक्काने माझ्याकडे हात पुढे केला. मी साखर दिली. आज तिने पान खाल्लं नव्हतं, कालचं कधीच उतरलं होतं. ती बराच वेळ चघळत राहिली. मग साडी जरा वर सारून तिने आपला पाय बघितला, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच.

"गोडच आहे गं," ती सुनेला म्हणाली. "चल, मला घेऊन चल."

अक्का वाचली, पाऊल गेलं. तिच्याच वॉर्डात त्या गोदामातली आणखी माणसं होती. कंडक्टर तिथवर पोचला नाही, त्याआधीच गेला.

देवावर माझी श्रद्धा आहे, राहील. म्हणूनच सांगतो, कुणी चमत्काराने आजार घालवून दाखवला, तर आधी तोच प्रयोग निरोगी माणसावर करा. त्यालाही तसंच झालं, तर आजार हललेला नाही. वैद्याचं पान घ्यायचं तर डॉक्टरला सांगून घ्या. आणि चालू औषध फेकायला सांगणारा कितीही सुरात गात असो, मध्येच उठा आणि आपल्या माणसाला हात धरून बाहेर काढा. मी मान डोलावत बसलो होतो, तेवढा वेळ तुम्ही घालवू नका.