सुन्नमाशाचा कौल

लिकोन मुळात वाईट नाही, हे आधीच सांगून ठेवते. नंतर सांगितलं तर कुणी ऐकून घेणार नाही. मासे खारवायच्या माझ्या पडवीला लागूनच त्याचं घर. तिथे दोघे भाऊच राहायचे. थोरला थेऑन स्पंजासाठी समुद्राच्या तळाशी बुड्या मारायचा, धाकटा लिकोन जाळं टाकायचा. आईबाप गेल्यावर थेऑनने त्याला वाढवलं आणि जरा जास्तच लाडावलं.

मागच्या उन्हाळ्यापासून थेऑनला डोकेदुखी जडली. अर्ध्या कपाळात अशी कळ उठायची, की एवढा दांडगा माणूस भिंतीला डोकं टेकून हुंदके द्यायचा. बुड्या बंद झाल्या. मिर्तोशी त्याचं लग्न ठरलेलं होतं. ती म्हणायची, "बरा हो, मग करू. नाही झालास तरी करू." पण तो हट्टी. धडधाकट झाल्याशिवाय तिला घरात आणणार नाही म्हणायचा.

कोस बेटावरून आलेल्या वैद्याने जे औषध सांगितलं, ते आमच्या आज्यांनाही ठाऊक होतं. जिवंत सुन्नमासा. हा चपटा, तव्यासारखा गोल, वाळूत दडून बसतो. हात लागला की खांद्यापर्यंत मुंग्या येतात आणि हात आपला राहत नाही. डोकं दुखत असेल तर कपाळावर ठेवायचा, सांधे धरले असतील तर ओल्या वाळूत पायाखाली. त्याच्या अंगात काय असतं, देव जाणे. कुणी गारठा म्हणतं, कुणी विष. मिर्तोच्या गळ्यात एक पिवळा तृणमणी होता, लोकरीवर घासला की वाळकं गवत उडून त्याला चिकटायचं. ती म्हणायची, या मण्यात आणि त्या माशात एकच काहीतरी वस्तीला आहे. आम्ही तिला हसायचो.

रीत अशी, की आजाऱ्यासाठी आणलेल्या सुन्नमाशाला आजाऱ्याच्या आधी कुणी हात लावायचा नाही. पहिला झटका त्याचा. आणि आमच्यात एक समजही आहे. बुडालेल्याच्या प्रेताबरोबर हा मासा जाळ्यात आला, तर प्रेताला त्याचं काही होत नाही. म्हणून जित्या माणसाला सुन्नमासा लागलाच नाही, तर पाताळातल्यांनी त्याला आपला म्हटलं असं धरायचं. हा कौल कुणी उलटवत नाही.

त्या दिवशी लिकोनला चांगला मोठा मासा मिळाला. समुद्राच्या पाण्याच्या टोपात घालून तो किनाऱ्यावर वैद्याची वाट बघत बसला होता. तिथे दामिस आणि कोराक्स आले. हे दोघे त्याचे दोस्त, कामाला मागे आणि टवाळीला पुढे.

"हा चावतो म्हणे," दामिस म्हणाला. "मला तर भाकरीच दिसते."

"हात लावून बघ," लिकोन म्हणाला.

"तूच लाव. का दादाला विचारून येतोस?"

एवढं पुरलं. लिकोनने हात घातला आणि ओरडला. मग दामिसने. मग तिघांनी हात धरून साखळी केली. पहिल्याने माशाला शिवायचं आणि शेवटचा कोराक्स उडायचा. मग वरून पाण्याची धार सोडून मुंग्या धारेतून हातात चढतात का, हे बघितलं. अशी दुपार गेली. शेवटी शेवटी मासा नुसता गार लागत होता, हे लिकोनच्या ध्यानात आलं होतं. पण वैद्य येताना दिसला आणि तो गप्प बसला.

थेऑनच्या अंगणात आम्ही पाचपन्नास माणसं जमलो होतो. वैद्याने मासा त्याच्या कपाळावर ठेवला, दाबून धरला. थेऑन डोळे मिटून पडून होता.

"लागलं?" वैद्याने विचारलं.

"नाही."

"आता?"

"ओलं लागतंय. बाकी काही नाही."

मिर्तोने खांब धरला. लिकोन माझ्या शेजारी उभा होता, त्याच्या कपाळावर घाम फुटलेला मी पाहिला. मला वाटलं, भावाच्या काळजीने. मासा रीतीप्रमाणे समुद्रात सोडून दिला.

लिकोन तेव्हाच बोलला असता तर शिव्या खाऊन मोकळा झाला असता. सगळ्यांसमोर त्याची जीभ उचलेना. सकाळी सांगू, असं मनाशी म्हणाला. सकाळी त्याला वाटलं, दुसरा मासा आणून कपाळावर ठेवला की झालं, सांगायची गरजच काय. आणि नेमका वारा सुटला, होड्या वाळूवर अडकल्या. तो रोज किनाऱ्यावर जाऊन लाटांकडे बघायचा आणि घरी येऊन भावाच्या ताटातलं खाली मान घालून खायचा. हे सगळं त्याने नंतर मला रडत सांगितलं. रडू दे मेल्याला.

थेऑनने आवराआवर सुरू केली. स्पंज कापायचा कोयता एकाला दिला, दोर दुसऱ्याला. मग मिर्तोला बोलावलं.

"तू दुसरीकडे लग्न कर."

"माशाच्या सांगण्यावरून टाकतोस मला?"

"मेलेल्याशी कुणी लग्न करत नाही, मिर्तो."

तिने पुष्कळ मनधरणी केली. भांडली, शेवटी रागाने तोंड फिरवून गेली. वारा पडताच तिच्या बापाने तिला गलबताने मिलेतस शहरी मामाकडे धाडून दिलं. तिथे कुणी विधुर तेलवाला तिच्यासाठी बघून ठेवला होता.

गलबत गेलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी लिकोनला मासा मिळाला. टोप घेऊन तो धावत आला तेव्हा मी थेऑनला पेज द्यायला गेले होते.

"दादा, पड आडवा. मासा आणलाय."

"झालं की एकदा. देवांना परत परत विचारू नये."

"तो मासा रिकामा होता, दादा. मी, दामिस आणि कोराक्स दुपारभर त्याच्याशी खेळत होतो. त्याच्यात काही उरलंच नव्हतं."

माझ्या हातातलं भांडं खाली ठेवावं लागलं. थेऑन मात्र हसला.

"लहानपणापासून असाच तू. मला बरं वाटावं म्हणून वाटेल ते खोटं बोलशील. तू रीत मोडशील होय, तेही माझ्यासाठी आणलेल्या माशाची?"

"मोडली, दादा. आईची शपथ."

"आईला कशाला मध्ये आणतोस? मावशी, याला घेऊन जा."

लिकोनने मग विचार केला नाही. ओल्या फडक्यात मासा उचलला, त्याचे स्वतःचे हात थडथडत होते, आणि भावाच्या कपाळावर दाबला. थेऑनचे दात वाजले. मान मागे गेली, पाय ताठ झाले आणि तो बाजेवरून खाली आला. बराच वेळ तसाच पडून राहिला. मग त्याने कपाळाला हात लावून पाहिला.

"लागलं," तो म्हणाला. "मावशी, मला लागलं गं." तो हसत होता, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि कपाळ सुन्न झालंय, कळ थांबलीय, असं पुन्हा पुन्हा सांगत होता. मीही रडले. लिकोन कोपऱ्यात हात पोटाशी धरून बसला होता.

हसता हसता थेऑन थांबला. त्याने धाकट्याकडे बघितलं.

"म्हणजे तू खरं बोलत होतास."

"हो."

"काल मिर्तो गेली, तेव्हा तुला हे ठाऊक होतं."

"हो, दादा."

"कुठे होतास तेव्हा?"

लिकोनने खोटं सांगितलं असतं तर मी काही बोलले नसते. पण तेवढं त्याने खरं सांगितलं.

"धक्क्यावर होतो. तिची पेटी मीच उचलून वर दिली."